माळ्यावरचे एनॅमल ओटीवर आणताना

रत्नागिरीत घर सजवायचे तर पहिला विचार खाऱ्या हवेचा करावा लागतो. मांडवी, मिरकरवाडा किंवा भाट्याच्या बाजूला घर असेल तर लोखंडी कडी-कोयंडे काही पावसाळ्यांतच फुगतात, पितळेवर हिरवट डाग चढतात, पावसात लाकडाला बुरशी धरते. अशा हवेत वर्षानुवर्षे माळ्यावर पडून राहिलेली, तरी ओल्या फडक्याने पुसताच पुन्हा लकाकणारी वस्तू म्हणजे एनॅमलची भांडी. पांढरे अंग आणि निळी किनार असलेला थाळा, हिरवी किटली, फुलांची नक्षी असलेले तसराळे, चार पुडांचा डबा यांपैकी एखादी तरी वस्तू इथल्या बहुतेक जुन्या घरांत सापडते. तिला माळ्यावरून खाली आणून घरात मानाची जागा कशी द्यावी, त्याबद्दल हा लेख आहे.

हे भांडे कसे बनते ते आधी समजून घ्या, म्हणजे त्याची निगा कशी राखायची ते आपोआप कळेल. एनॅमल म्हणजे लोखंडी किंवा पोलादी पत्र्यावर भाजून बसवलेली काच. काचेच्या पुडीचा लेप पत्र्यावर देतात आणि भांडे सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत घालतात. काच वितळते आणि पत्र्याला घट्ट धरून बसते. आतला पहिला थर बहुधा गडद निळा किंवा काळा असतो. काचेने लोखंडाला धरून ठेवावे म्हणून त्यात कोबाल्टसारख्या धातूची भस्मे घातलेली असतात. त्यावर पांढरा किंवा रंगीत थर चढतो. समुद्राची हवा काचेचे काही बिघडवत नाही. आतले लोखंड मात्र उघडे पडण्याचीच वाट पाहत असते. एवढासा टवका उडाला की तिथून गंज शिरतो आणि भोवतालच्या काचेला खालून उचलत जातो. म्हणजे रत्नागिरीत एनॅमल जपणे हे मुख्यतः टवके जपणे आहे.

ही भांडी इथे आली ती समुद्रमार्गाने. कोकण रेल्वे धावू लागली १९९० च्या दशकात. त्याआधी अनेक दशके मुंबईहून येणारा माल आणि माणूस दोन्ही आगबोटीने बंदरावर उतरत. गिरणीत, गोदीत, जहाजावर काम करणारे चाकरमानी गणपतीला किंवा शिमग्याला घरी येताना शहरातली नवी वस्तू बरोबर आणत. पहिल्या महायुद्धाआधी हिंदुस्थानात येणारे बरेचसे एनॅमल ऑस्ट्रिया आणि जर्मनीतले होते. युद्धात तो पुरवठा तुटला आणि जपानी मालाने ती जागा घेतली. १९२० च्या दशकापासून कोलकात्याजवळच्या बेंगाल एनॅमलसारखे स्वदेशी कारखानेही उभे राहिले. पुढे आधी अ‍ॅल्युमिनियम आणि मग स्टेनलेस स्टील आले. न फुटणारे, टवका न उडणारे स्टील घरोघरी शिरले आणि एनॅमल माळ्यावर गेले.

कोकणच्या स्वयंपाकाला एनॅमल मानवले त्याला कारण होते. इथले जेवण आंबट. आमसुलाचे सार, सोलकढी, चिंच-कोकम घातलेले माशाचे कालवण. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात हे पदार्थ कळकतात. काचेचा थर असलेल्या भांड्यात ते कळकत नसत आणि कल्हईवाल्याची वाट पाहावी लागत नसे. शिवाय वजनाला हलके, दिसायला स्वच्छ. तरी सोवळ्याच्या स्वयंपाकघरात त्याला सहजी जागा मिळाली नाही. चहा, दवाखाना, न्हाणीघर, खानावळ आणि मुसलमान व ख्रिस्ती कुटुंबांच्या जेवणाच्या जागा अशा ठिकाणी ते अधिक रुळले. कोकणी मुसलमान घरांत एकाच मोठ्या थाळ्याभोवती बसून जेवण्याची रीत आहे. त्यामुळे मोठे, उथळ, नक्षीदार थाळे शोधत असाल तर अशा ओळखीच्या घरी आधी विचारा.

शोध स्वतःच्या घरापासूनच सुरू करावा. माळा, न्हाणीघराची फळी, गोठ्याची वळचण, शेतघर, आजीची जुनी ट्रंक. गुरांना आंबोण देण्यासाठी किंवा कोंबड्यांना पाणी ठेवण्यासाठी वापरात असलेला वाडगाही कधी कधी उत्तम एनॅमल निघतो. त्यानंतर शेजारीपाजारी, नातेवाईक. जुने घर पाडून बंगला बांधायला काढला की सामान अंगणात येते. तेव्हा, “काकू, हा थाळा भंगारात घालताय का?” एवढे विचारायला लाजू नका. “ने रे बाबा, जागा अडवून बसलंय नुसतं,” हे उत्तर ठरलेले असते. पण वस्तू फुकट मिळाली तरी तिच्या बदल्यात काही द्यावे. निदान देणाऱ्याच्या उपयोगाचे नवे भांडे तरी द्यावे. घरात काहीच न मिळाल्यास गावातल्या भंगारवाल्याशी ओळख ठेवा. मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार या जागा आहेतच. तमिळनाडूत कारैकुडीच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत एनॅमलचे ढीग दिसतात. ब्रह्मदेश आणि मलायात व्यापार करणाऱ्या चेट्टियार कुटुंबांच्या वाड्यांतून ते बाहेर आले आहेत. तिकडे गेलात तर बॅगेत जागा ठेवून जा. माझे मत मात्र असे की रत्नागिरीच्या घरात रत्नागिरीतच वापरलेले भांडे अधिक शोभते, मग ते जरा पोचलेले का असेना.

विकत घेताना खिशात छोटे लोहचुंबक ठेवा. ते चिकटले नाही तर बहुधा ते अ‍ॅल्युमिनियमवर रंग दिलेले भांडे आहे, एनॅमल नव्हे. मग भांडे उलटे करा. जुन्या भांड्याच्या तळाला घासल्याच्या बारीक, वेड्यावाकड्या रेघा असतात. भट्टीत ते टोकदार आधारांवर टेकवलेले असते, त्याचे तीन बारीक ठिपके काठाखाली किंवा बुडाशी अनेकदा सापडतात. हल्ली बाजारात ‘जुन्या धाटणी’चे नवे मगही मिळतात. काहींवर गंजाचे डाग चक्क रंगवलेले असतात. खरा गंज बोटाला खरखरीत लागतो, रंगवलेला गुळगुळीत लागतो. नवी वस्तू घेण्यात गैर काही नाही, फक्त जुनीची किंमत मोजू नका.

तळाचा शिक्का असेल तर काळ ठरवायला मोठी मदत होते. नुसते ‘ऑस्ट्रिया’ असेल तर वस्तू जुनी असण्याची शक्यता बरीच, पण खात्री नाही. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर ती १९१८ ते १९९२ या काळातली, कारण त्याआधी आणि त्यानंतर त्या नावाचा देशच नव्हता. ‘ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी अंमल संपेपर्यंतचा, म्हणजे १९५२ पर्यंतचा. ‘वेस्ट जर्मनी’ म्हणजे १९४९ ते १९९०. कुटुंबातले कोणी परदेशात राहत असेल आणि एखादे भांडे घेऊन जाणार असेल तर एक कायदाही माहीत असावा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू किंवा कारागिरीची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. बहुतेक घरगुती एनॅमल त्याहून अलीकडचे असते. तरी शंका आल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जुन्या एनॅमलमध्ये जेवण वाढू नका. जुन्या लेपांत शिसे, अँटिमनी, आणि लाल, केशरी, पिवळ्या रंगांत कॅडमियम असू शकते. आंबट पदार्थ ते ओढून घेतो. १९२८ च्या सुमारास इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये एनॅमलच्या भांड्यात रात्रभर ठेवलेले लिंबाचे सरबत प्यायल्याने अनेकांना अँटिमनीची बाधा झाल्याची नोंद आहे. आपल्याकडे कोकम सरबत, कैरीचे पन्हे, लोणचे, सोलकढी हे सगळे त्याच जातीचे. आजीने आयुष्यभर त्यातच सार केले हे खरे असले तरी तेव्हा भांडे नवे होते आणि आज त्याचा लेप झिजलेला आहे. टवका उडालेल्या भांड्यातून काचेचा कण पोटात जाण्याची भीती वेगळीच. सालासकट केळी, नारळ, कांदे-बटाटे ठेवायला हरकत नाही. पण मीठ, आमसुले, लोणचे अजिबात नको. पहिल्याने टवक्यावर गंज चढेल, बाकीचे लेपाला खातील. दवाखान्यातून आलेले किडनी ट्रे, बेडपॅन, पिकदाण्या तर कितीही उकळून घेतल्या तरी स्वयंपाकघरात आणू नयेत. किडनी ट्रे दारापाशी किल्ल्या-चष्म्यासाठी छान दिसतो, तिथेच ठेवावा.

साफसफाईला घाई नको. कोमट पाणी, भांडी धुण्याचा सौम्य साबण आणि मऊ स्पंज एवढे पुरे. चहाचे जुने डाग असतील तर खाण्याच्या सोड्याची ओलसर पेस्ट लावून अर्धा तास ठेवा, मग हलक्या हाताने फिरवून धुवा. तारेची घासणी, राख, विटेची पूड यांनी काचेची झिलई जाते आणि ती परत येत नाही. उकळते भांडे गार पाण्यात बुडवणे किंवा थंड भांड्यात उकळते पाणी ओतणेही टाळा. काच आणि लोखंड वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन-प्रसरण पावतात, त्यामुळे लेपाला केसासारखे तडे जातात.

टवक्याची देखभाल वेगळी करावी लागते, आणि इथे थोडा वेळ द्याच. आधी टोकाशी हलणारी, सुटत आलेली काच असेल तर ती हळूच काढून टाका. ती राहिली तर तिच्याखाली ओल साठते. मग बारीक कापसाचा बोळा लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये भिजवून फक्त गंजावर पाच-दहा मिनिटे ठेवा. भोवतालच्या काचेवर आम्ल पसरू देऊ नका, तिची चकाकी मंदावते. गंज सुटला की सोड्याच्या पाण्याने पुसा, साध्या पाण्याने धुवा, लगेच कोरडे करा आणि तासभर उन्हात ठेवा. भांडे पूर्ण सुकल्यावर टवक्यावर रंगहीन मेणाचा पातळ हात द्या. मोटारीच्या पॉलिशचे मेण चालते. खोबरेल तेल वापरण्याचा मोह होतो, पण ते चिकट होऊन मुंग्या आणि धूळ ओढते. हे काम वर्षातून दोनदा करावे. एकदा मेअखेरीस, पाऊस लागण्याआधी, आणि एकदा नवरात्राच्या सुमारास, हवा कोरडी व्हायला लागली की. टवका पांढऱ्या रंगाने बुजवावा असे काहीजण सुचवतात. मला ते पटत नाही. रंगाखाली गंज वाढत राहतो आणि वरून दिसतही नाही. काळा टवका दिसू द्या.

सजावटीत पहिली चूक होते ती गर्दीची. मिळाले तेवढे सगळे एकाच भिंतीवर लावले की घराचे भांड्यांचे दुकान होते. एका भिंतीवर सहा-सात ताटल्या माझ्या मते भरपूर झाल्या, त्याही एका रंगकुळातल्या. पांढरे-निळे एकत्र ठेवा, फुलांचे एकत्र ठेवा. हिरव्या-पिवळ्यांना वेगळी जागा द्या. जांभ्या दगडाच्या तांबड्या भिंतीवर पांढरे-निळे एनॅमल जितके खुलते तितके दुसरे काही खुलत नाही. उलट मोठ्या गुलाबांची किंवा माशांची नक्षी असलेले थाळे साध्या चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवरच लावा. जांभ्यावर ती नक्षी हरवते.

पण चिऱ्यात थेट खिळा ठोकू नका. जांभा सच्छिद्र आणि ठिसूळ असतो, खिळ्याभोवती भुगा होऊन तो सैल पडतो, आणि लोखंडी खिळ्याच्या गंजाचे ओघळ भिंतीवर उतरतात. त्यापेक्षा चिऱ्यांच्या दरजांच्या जागी भोके पाडून त्यात प्लग बसवा. त्यावर साध्या सागवानी पट्ट्या स्क्रूने लावा आणि पट्ट्यांना पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे हूक लावून ताटल्या टांगा. भिंतीत आणि ताटलीत बोटभर अंतर राहील असे पाहा. पावसाळ्यात भिंत घाम सोडते, अंतर राहिले तर हवा खेळते. बाजारात मिळणाऱ्या स्प्रिंगच्या तारा ताटलीचा काठ चावतात. त्या वापरायच्याच तर टोकांना रबरी नळीचा तुकडा किंवा सुती दोरा गुंडाळा. पडवीत लावायचे असेल तर पावसाची झड कुठपर्यंत येते ते एक पावसाळा पाहून मगच जागा ठरवा. इथला पाऊस आडवा येतो आणि पडवीचा अर्धा भाग भिजवतो.

भिंतीखेरीज कोकणातल्या जुन्या घराने भांड्यांसाठी स्वतःच्या जागा ठेवल्या आहेत, आणि एनॅमल तिथेच सर्वांत सहज बसते. फडताळ असेल तर त्याची दारे काढून आत एकाच आकाराच्या वाट्या-बशा लावा. कोनाड्यात एकच मग किंवा छोटी किटली ठेवा. आतल्या काळोख्या कोपऱ्यात पांढरे एनॅमल थोडासाही उजेड परत फेकते. माजघरात लाकडी मांडणी असेल तर तिला हात लावू नका, ताटल्या उभ्या लावायला तिच्यासारखी सोय नाही. टोपांची उतरंड रचायची तर मोठे खाली, लहान वर, आणि प्रत्येक दोघांत जाड सुती कापडाची चकती. काठ काठाला लागला की टवका उडतो. शिंकाळ्यात जुना वाडगा टांगून त्यात लसूण ठेवलेली फारच देखणी दिसते. नव्या फ्लॅटमध्ये यातले काही नसेल तर सिंकच्या वर एक लांब फळी आणि तिच्याखाली खुंट्या, एवढ्यावर भागते. फळीवर डबे आणि किटली, खुंट्यांवर मग आणि गाळणे.

एनॅमलचे जुने दिवे हातात आले तर ते सोडू नका. बाहेरून हिरव्या आणि आतून पांढऱ्या झांजेच्या आकाराच्या शेड पूर्वी रस्त्यावर, कारखान्यांत, गोदामांत असत. जेवणाच्या टेबलावर किंवा ओटीच्या झोपाळ्यावर अशी शेड टांगून पिवळसर प्रकाशाचा एलईडी लावला की संध्याकाळी घराचा रंग बदलतो. वायर मात्र नवी घाला आणि शेड धातूची असल्याने अर्थिंग वायरमनकडूनच करून घ्या. होल्डर चिनी मातीचा किंवा पितळी असावा, पत्र्याचा इथे टिकत नाही.

गळकी बालदी, बूड गेलेला टोप हे झाडांसाठी. चांगल्या भांड्याला मात्र भोक पाडायला जाऊ नका, ड्रिलने भोवतालची काच चकत्यांनी उडते. मातीची कुंडी किंवा पिशवीतले रोप तसेच आत ठेवा, तळाशी जांभ्याचे खडे घाला आणि पाणी घालताना रोप बाहेर काढा. अबोली, गवती चहा, पुदिना, ओव्याचे रोप पांढऱ्या एनॅमलमध्ये उठून दिसतात. तळाशी साचलेले पाणी दर तीन-चार दिवसांनी ओतून टाका. डासांना एवढेसे पाणीही पुरते. गणपतीत मोठा थाळा फुले, दुर्वा आणि पत्री ठेवायला उत्तम. घरातल्या वडीलधाऱ्यांना ते देवाच्या कामाला चालते का, हे मात्र आधी विचारून घ्या.

एका वस्तूबद्दल मनापासून सांगायचे आहे. गावोगावी अनेक घरांत वळचणीला खोचलेला एक वेगळा कप असे. कधी चिनी मातीचा, कधी एनॅमलचा. दारी आलेल्या ‘खालच्या’ म्हटल्या गेलेल्या माणसाला त्यात चहा देत, आणि तो त्यानेच धुऊन परत तिथे ठेवायचा असे. तुमच्या माळ्यावरचा एकुलता मग असा नाही ना, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारा. तसा असेल तर फुलदाणी म्हणून मिरवू नका. ठेवायचा असेल तर तो काय होता हे मुलांना सांगून ठेवा. प्रत्येक जुन्या भांड्याबाबत हे विचारणे चांगलेच. कोणी आणले, कुठून, कशासाठी वापरले, हे चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी भांड्यात टाकून ठेवा. सांगणारी माणसे आहेत तोवरच ही माहिती मिळते.

शेवटी पाट्यांबद्दल. एनॅमलच्या जुन्या पाट्यांना हल्ली मोठी मागणी आहे. चहाच्या, साबणाच्या, तेलाच्या जाहिराती, डॉक्टर-वकिलांच्या नावाच्या पाट्या, घरक्रमांक. खऱ्या पाटीवर प्रत्येक रंग वेगळा भाजलेला असतो, म्हणून अक्षरांवरून बोट फिरवले की उंचवटा लागतो. नकली पाटी सपाट छापलेली असते. स्वतःच्या आजोबांच्या दवाखान्याची पाटी ओटीवर लावा, अभिमानाने लावा. पण कवटीचे चित्र असलेला विजेच्या खांबावरचा धोक्याचा फलक, टपालपेटीवरची वेळेची पट्टी, स्थानकाची नावे असल्या पाट्या कोणी विकायला आणल्या तर घेऊ नका. त्या बहुधा उखडून आणलेल्या असतात, आणि धोक्याचा फलक नसलेला खांब कोणाच्या तरी जिवावर बेतू शकतो. गिऱ्हाईक मिळाले नाही की त्या उखडणेही थांबेल.